गळणारं छप्पर आणि गेलेलं छप्पर

पावसाचे दिवस जवळ आले की या सदराचं टपाल छपराकडे वळतं. यंदाची बरीच पत्रं एकाच वळणाची आहेत : ‘गळतंय, बदलून टाकू का?’ माझी उमेदीची वर्षं इमारतींची तपासणी करण्यात गेली, आणि माझे वडील सुतार होते. त्यामुळे स्लॅब आणि वासे, दोन्हींशी माझी जुनी ओळख आहे. त्या ओळखीच्या जोरावर आधीच सांगते, केवळ गळतीवरून छप्पर बदलायचा निर्णय मला मान्य नाही. गळती ही वरच्या आच्छादनाची तक्रार असते. बदलायचं की नाही, हे ठरतं खालच्या सांगाड्यावरून, म्हणजे वजन पेलणाऱ्या भागावरून. धो धो गळणारी छपरं चार कौलं बदलून सुधारलेली मी पाहिली आहेत, आणि एक थेंबही न गळणारी छपरं उतरवायला लावली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या स्लॅबला तीस वर्षं झाली. दर पावसात छताला ओलीचे डाग पडतात. तीनदा रसायन लावून घेतलं, एकदा जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला. तरी कोपऱ्यातले पोपडे सुटतातच, आणि आता एका ठिकाणी सळई दिसायला लागली आहे. एक कंत्राटदार म्हणतो स्लॅब तोडा, दुसरा म्हणतो वर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा टाका, तिसऱ्याकडे चौथं रसायन तयार आहे. घरात मी एकटा कमावता. कोणाचं ऐकू?

उत्तर : तिघांपैकी एकाने तरी शिडी लावून स्लॅबला खालून ठोकून पाहिलं का? तुमच्या चार पानी पत्रात तसा उल्लेख नाही. म्हणून सध्या तिघांनाही थांबवा आणि दोन वेगळे प्रश्न वेगळे करा : पाणी कुठून येतं, आणि आलेल्या पाण्याने आतापर्यंत काय खाल्लं.

पाण्याचा माग काढायला वही लागते. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. कोरड्या ऋतूतही डाग रेघ ओलांडत असेल, तर दोष छपराचा नाही; टाकी, नळ किंवा वरच्या मोरीचा आहे. पाऊस सुरू झाल्यावर लगेच थेंब पडत असेल तर कुठेतरी सरळ वाट आहे, बहुधा पावसाच्या पाण्याच्या पाइपाभोवतीची फट. पाऊस थांबून दिवस उलटल्यावर ओल येत असेल, तर पाणी वरच्या थरांत साठून सावकाश झिरपतंय. तुमची ओल कोपऱ्यातली आहे, म्हणून माझा पहिला संशय कठड्यावर. काँक्रीट उन्हाने वाढतं. दहा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांनी तापला की साधारण तीन मिलिमीटर लांब होतो आणि रात्री पुन्हा आखडतो. त्याच्यावर उभी असलेली विटांची भिंत त्याच मापाने हलत नाही, आणि दोघांमधला सांधा रोज थोडा उघडतो. गच्चीभर रसायन फासलं पण या सांध्यातला गोल वाटा (कोपऱ्यात भरलेली सिमेंटची गोलाई) फोडून नव्याने केला नाही, तर पैसे गच्चीवर राहतात आणि पाणी घरात येतं. तीनदा रसायन लावूनही तीच जागा ओली होते, याचं कारण हे असू शकतं.

आता दुसरा प्रश्न, आणि तुमचा निर्णय इथेच आहे. एक लहान हातोडी घ्या, डोळ्यांवर चष्मा लावा आणि छताला खालून हलक्या हाताने ठोकत जा. धड काँक्रीट खणखणीत वाजतं. आतून सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजणाऱ्या जागांभोवती खडूने गोल करा. मग एका गोलातला सुटा भाग काढून बघा, की हा नुसता गिलावा आहे की काँक्रीट सळईपासून सुटलंय. गिलावा असेल तर निम्मी काळजी मिटली. सळईला समांतर भेग असेल, भेगेतून तपकिरी ओघळ असेल, तर गंज आत काम करतोय.

तो कसा करतो हेही समजून घ्या, म्हणजे रसायनवाल्याला प्रश्न विचारता येतील. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश भरपूर असतो, त्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) साडेबाराच्या वर असतो आणि त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो, सामू नऊच्या आसपास उतरतो आणि तो थर जातो. मग ओल आणि हवा मिळाली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त, कधी सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा मिळवायला तो काँक्रीट फोडतो. फुटलेल्या जागेतून आणखी पाणी शिरतं. हे चक्र सुरू झाल्यावर वरून काहीही फासलं तरी ते थांबत नाही, फार तर मंदावतं. आतला हा बदल किती खोल गेलाय ते कळायला फिनॉल्फथॅलीनची चाचणी असते : ताज्या फोडीवर द्राव मारला की धड काँक्रीट गुलाबी होतं, सामू उतरलेलं बिनरंगी राहतं. गुलाबी रंग सळईच्या पलीकडे सुरू होत असेल तर ती सळई उघडी पडल्यासारखीच समजा. ही चाचणी स्वस्त आहे. मागून घ्या.

आणखी एक हातचलाखी सांगते. तपासणीच्या नावाखाली कोणी नुसता ‘रिबाउंड हॅमर’ घेऊन येईल, आकडे लिहील आणि ‘काँक्रीट मजबूत आहे’ म्हणेल. ते यंत्र पृष्ठभागाचा टणकपणा मोजतं, आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग त्या कार्बन डायऑक्साइडमुळेच टणक झालेला असतो. म्हणजे ज्या कारणाने सळई धोक्यात आली, त्याच कारणाने आकडा चांगला येतो. सोबत आरपार जाणाऱ्या ध्वनिलहरींची चाचणी किंवा काँक्रीटचा नमुना कापून केलेली दाब-चाचणी नसेल तर तो अहवाल बाजूला ठेवा.

उघड्या सळईचा गंज तारेच्या ब्रशने घासून तिची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. दहा मिलिमीटरची सळई नऊ उरली तर ऐकायला एकच मिलिमीटर गेला, पण छेदाचं क्षेत्रफळ एकोणीस टक्क्यांनी कमी झालं. आठ उरली तर छत्तीस टक्के. नव्वद टक्के क्षेत्रफळ शाबूत असलेली सळई साफ करून, गंजरोधक थर देऊन, भोवतीचं काँक्रीट पुन्हा भरता येतं. एक पंचमांशाहून जास्त गेली असेल तर शेजारी नवी सळई जोडावी लागते. आणि अशा सळया एका कोपऱ्यात नसून स्लॅबच्या मध्यभागातही जागोजागी निघत असतील, तर डागडुजीचा खर्च नव्या स्लॅबच्या जवळ जातो आणि आयुष्य मात्र जुन्याचंच राहतं. तेव्हा तोडा म्हणणारा बरोबर.

पत्र्याबद्दल : स्लॅब धड असेल तर वर पत्रा हा वाईट उपाय नाही, पाणी थांबतं. स्लॅब गेलेला असेल तर तो दोष झाकतो, आणि शिवाय पत्र्याचे खांब त्याच स्लॅबवर उभे राहतात. जुन्या कोब्यावर नवा कोबा मात्र पुन्हा कधीही घालू नका. दहा सेंटिमीटर काँक्रीट म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे दोनशे चाळीस किलो. तीस वर्षांपूर्वी ज्याने सळया मोजून टाकल्या, त्याने हे वजन धरलेलं नव्हतं. याच कारणाने गच्चीत पाणी तुंबवून गळती शोधण्याची चाचणीही आधी सळया बघितल्याशिवाय करू नका. दहा सेंटिमीटर पाणी चौरस मीटरला शंभर किलो भरतं.

आणि हो, छज्जा किंवा पुढे आलेला सज्जा असेल तर तो आधी वरून बघा. त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. खालून सगळं ठीक दिसतं, आणि वर भिंतीलगत भेग पडलेली असते. सज्जे पडतात ते बहुधा असेच, न सांगता.

प्रश्न : ताई, आमचं कौलारू घर जुनं आहे. दर वर्षी कौलं फिरवून घ्यावी लागतात. दीर म्हणतात, कौलं काढून रंगीत पत्रा टाकू, कटकट जाईल. सासूबाई म्हणतात, माझ्या डोळ्यांदेखत कौल उतरवायचं नाही. मला दोघांशीही रोज बोलायचं असतं. तुम्हीच काय ते सांगा.

उत्तर : सासूबाईंना सांगा, कौलांच्या बाबतीत त्या बरोबर आहेत. दिरांना सांगा, लाकडाच्या बाबतीत त्यांची शंका रास्त असू शकते. दोघांनाही राग येणार नाही.

नीट भाजलेलं कौल पन्नास वर्षं सहज जातं, अनेक ठिकाणी शंभरही. त्याच्या खालची रीप आणि वासा मात्र त्या मानाने अल्पायुषी. त्यामुळे ‘कौलं बदलू का’ याआधी माळ्यावर चढा. भर दुपारी, विजेरी आणि पेचकस घेऊन. कौलांमधून इकडेतिकडे उजेडाचे ठिपके दिसले तर घाबरू नका. कौलं एकावर एक असतात, उजेड वळून आत येतो, पाणी तसं येतंच असं नाही. लाकडावरचे पाण्याचे काळे ओघळ बघा. ओघळ जिथे संपतो तिथे छिद्र नसतं, जिथे सुरू होतो तिथे असतं. पाणी वास्यावरून चांगलं दोन-तीन हात उतरून मग खाली पडतं, आणि माणसं पडल्या जागेच्या वरची कौलं बदलत बसतात. तुमची दरवर्षीची कटकट अशी असण्याचा संभव आहे.

मग पेचकस. माझे वडील वास्याच्या मध्यावर कधी वेळ घालवत नसत. थेट भिंतीत शिरणारं टोक, वळचणीकडचा भाग आणि आढ्याखालचा सांधा बघत. ओल तिथे मुरते. टोक दाबल्यावर पेचकस नखभरच रुतला तर लाकूड जिवंत आहे. मऊ लागून आत जात असेल, लाकडाला चौकोनी तुकड्यांसारख्या भेगा पडल्या असतील, तर बुरशीने ते खाल्लंय. बुरशीला लाकडात वीस टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो, म्हणून गळती थांबवून ते वाळलं की तिची वाढ थांबते. गेलेला भाग मात्र परत येत नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून वर चढलेल्या दिसतील. भोकं पाडणारा किडा असेल तर खाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. ताजी पिवळट भुकटी पडली तर किडा आत आहे, नाही पडली तर ती भोकं जुनी.

शेवटी अंगणात जाऊन, घरापासून लांब उभं राहून, आढ्याच्या रेषेकडे एक डोळा मिटून बघा. मध्ये थोडा झोळ असणं वयाला शोभतं. पण तो वाढतोय का, ते महत्त्वाचं. आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून मधलं अंतर मोजा, लाकडावर लिहून ठेवा, सहा महिन्यांनी परत मोजा. झोळासोबत भिंतीच्या माथ्याशी आडवी भेग असेल आणि भिंत बाहेर कललेली वाटत असेल, तर वासे भिंतीला बाहेर ढकलत आहेत. हे बहुतेकदा कोणीतरी मधली आडवी तुळई ‘डोक्याला लागते’ म्हणून कापल्यावर होतं. तेव्हा वाट न बघता जाणकार बोलवा.

दिरांच्या पत्र्याबद्दल एक मुद्दा त्यांनी बहुधा धरलेला नाही. कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास जातं. अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा त्याच जागेत चार-साडेचार किलो भरतो. लाकडाला हलकं वाटेल, खरं आहे. पण वादळी वारा छपराला वर ओढतो, आणि कौलारू छप्पर स्वतःच्या वजनाने जागेवर बसलेलं असतं. तेच वासे, तेच खिळे, वर हलका पत्रा, म्हणजे एका रात्री वाशांसकट शेजाऱ्याच्या दारात. पत्रा टाकायचाच असेल तर वासे भिंतीला आणि भिंतीतल्या तुळईला लोखंडी पट्ट्यांनी बांधावे लागतील. हा खर्च धरून दिरांना पुन्हा हिशेब करू द्या.

माझं मत : दर दहा कौलांत एक-दोन फुटकी असतील तर तेवढीच बदला, सडके वासे एकेक करून बदला, रिपा सगळ्या नव्या घाला. जुनी कौलं बोटाच्या पेराने वाजवून घ्या. टणत्कार आला ती परत वर, भद्द वाजली किंवा पापुद्रे सुटले ती बाद. नवी कौलं आणताना जुनं एक कौल सोबत न्या, कारण खाचा जुळल्या नाहीत तर नवं कौल जुन्याशेजारी कधीच बसत नाही.

प्रश्न : घरावर जस्ती पत्रा आहे. पाऊस नसताना, पहाटे पहाटे आतून थेंब पडतात. गवंडी म्हणाला पत्र्याला बारीक छिद्रं पडली, सगळे पत्रे बदला. पत्र्यावर काही ठिकाणी तांबूस डागही आहेत.

उत्तर : पाऊस नसताना छिद्रातून काय येणार? रात्री आकाश निरभ्र असेल तर पत्रा आपली उष्णता वर सोडत भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. घरातली दमट हवा, स्वयंपाकाची वाफ, न्हाणीघराची वाफ वर जाऊन त्याला टेकते आणि दव होऊन टपकते. नवे पत्रे टाकलेत तर तेही इतकंच टपकतील. आढ्याशी आणि वळचणीशी हवा खेळती ठेवा, पत्र्याखाली उष्णतारोधक थर लावा.

तांबूस डाग वेगळी गोष्ट. पोलादाला जस्ताचा मुलामा द्यायची युक्ती १८३७ सालची, सोरेल या फ्रेंच माणसाच्या पेटंटची. तिचं मर्म इतकंच की जस्त आधी झिजतं आणि पोलादाला वाचवतं. ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त त्या जागेची राखण करतं. म्हणून पांढरट भुकटी दिसली तर ती जस्त झिजत असल्याची खूण, घाबरायचं कारण नाही. तांबूस रंग आला म्हणजे त्या जागेचं जस्त संपलं. तारेच्या ब्रशने घासा. खाली चकचकीत धड धातू लागला तर जस्तयुक्त प्रायमर आणि रंग देऊन बरीच वर्षं निघतील. पापुद्रे निघाले, पेचकस आरपार गेला, किंवा दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या सांध्याच्या आत गंज असेल, तर तो पत्रा बदला. सांधा उघडूनच बघावा लागतो. केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत आपोआप ओढलं जाऊन, पाणी तिथे वर चढून अडकतं आणि बाहेरून काही कळत नाही.

स्क्रूंच्या रबरी वायसरी पत्र्याच्या कितीतरी आधी मरतात. उन्हाने कडक होतात, चिरतात, आणि घरमालक पत्र्याला दोष देतो. सगळे स्क्रू थोड्या जाड मापाचे नवे घालणं हा पत्रे बदलण्यापेक्षा फार लहान खर्च आहे. पण नवा स्क्रू आवळताना खालच्या पट्टीत पकडच घेत नसेल, नुसता फिरत असेल, तर पट्टी गेली. तेव्हा पत्रा कितीही चांगला असो, सांगाडा आधी.

बदलायची वेळ आलीच तर अ‍ॅल्युमिनियम-जस्ताच्या मिश्र मुलाम्याचा पत्रा बघा. १९७२पासून बाजारात असलेल्या या मुलाम्यात वजनाने पंचावन्न टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं आणि तो साध्या जस्तापेक्षा बहुतेक ठिकाणी जास्त टिकतो. फक्त त्यावर ओलं सिमेंट सांडू देऊ नका आणि तांब्याच्या पाइपातलं पाणी पडू देऊ नका.

प्रश्न : जुने करड्या रंगाचे सिमेंटचे पत्रे आहेत. गळत नाहीत, पण शेवाळ फार. मुलगा सुट्टीत वर चढून घासून काढतो म्हणतो.

उत्तर : मुलाला वर चढू देऊ नका. दोन कारणं आहेत, आणि दोन्ही जिवाशी आहेत.

असे जुने पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन उद्योजकाने १९०१ साली सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पत्रा करण्याचं पेटंट घेतलं आणि तो जगभर पसरला. त्याचे सर्व प्रकार आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. युरोपीय संघात २००५पासून त्याच्या वापरावर बंदी आहे. धड, न हलवलेला पत्रा फारसे तंतू सोडत नाही. कोरडा घासला, भोक पाडलं, कापला, फोडला की सोडतो, आणि ते श्वासात गेल्यावर आजार दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. म्हणून कोणी सहज खोकला नाही याचा अर्थ काही नाही.

दुसरं, हे पत्रे जुने होतात तसे ठिसूळ होतात. त्यांच्यावर पाय ठेवून माणसं आरपार खाली पडतात. उजेडासाठी मध्ये बसवलेला फायबरचा पत्रा रंगाखाली ओळखूच येत नाही आणि तो तर अजून कच्चा.

शेवाळाने पत्रा जात नाही, राहू द्या. भेगा पडल्या, कडा भुरभुरायला लागल्या, पन्हळीत करडा गाळ साठू लागला, तर मात्र बदलायची वेळ झाली. तेव्हा या कामाचं प्रशिक्षण असलेली माणसं बोलवा. पत्रा पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून, अख्खा उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि घातक कचऱ्याच्या नियमाने द्यायचा. तो फोडून अंगणात भराव घालणं किंवा गोठ्यावर टाकायला शेजाऱ्याला देणं, दोन्ही नको.

प्रश्न : लांबण नको. छप्पर किती वर्षांनी बदलावं? एक आकडा द्या.

उत्तर : आच्छादनाचे देते. गच्चीवरचं डांबरी पटल दहा ते वीस वर्षं, ब्रशने लावलेली रसायनं त्याहून बरीच कमी, जस्ती पत्रा मुलाम्याच्या जाडीवर आणि खाऱ्या हवेवर अवलंबून पंधरा ते चाळीस, कौल पन्नासच्या पुढे. सांगाड्याचा आकडा देता येत नाही. त्याला पेचकस आणि हातोडी लागते, दिनदर्शिका पुरत नाही.

प्रश्न : आमच्या छतातून आजवर कधी पाणी आलं नाही. पण गेल्या महिन्यात झोपायच्या खोलीत ताटाएवढा तुकडा पडला, आत सळई गंजलेली दिसली. दोन दरवाजे अचानक अडकायला लागले आहेत, आणि पंख्याजवळ छत खाली आल्यासारखं वाटतं. गळत नाही म्हणून घरचे म्हणतात, दिवाळीनंतर बघू.

उत्तर : दिवाळीनंतर नाही. आज त्या खोलीतलं झोपणं बंद करा आणि तिच्या बरोबर वरच्या गच्चीवर जे काही आहे, कुंड्या, टाकी, जुनं लाकूड, ते खाली आणा. टाकी हलवता येत नसेल तर रिकामी करा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी सुट्या असत्या तर मी एवढी घाई केली नसती. गिलावा पडतो, दरवाजे दमट हवेत फुगतात, छत खाली आल्याचा भास होतो. तिन्ही एकत्र असतील तर स्लॅब वाकतोय असं धरून चालायचं. भास आहे का ते दहा मिनिटांत कळेल : दोन समोरासमोरच्या भिंतींजवळ, छतापासून सारख्याच अंतरावर दोन खिळे मारा, दोरी घट्ट ताणा आणि मध्यावर दोरी व छत यांतलं अंतर मोजा. चार मीटरच्या खोलीत सोळा मिलिमीटरच्या आत फरक असेल तर तो नेहमीच्या मर्यादेत बसतो. त्याहून जास्त असेल, किंवा आठवड्याने मोजल्यावर वाढला असेल, तर टेकू लावायचे. पंख्याचा हूक त्याच भागात आहे, पंखा आधी उतरवा.

टेकू स्वतः लावू नका, आणि लावणाऱ्यावर लक्ष ठेवा. खाली जाड फळी, वर जाड फळी, मध्ये पोलादी टेकू, आणि तो छताला नुसता टेकला पाहिजे. वाकलेला स्लॅब जोर लावून वर उचलायचा उत्साह काही जणांना असतो. त्याने तो मोडतो. वरच्या मजल्यावरची खोली असेल तर खालच्या खोलीतही बरोबर त्याच रेषेत टेकू हवेत, नाहीतर भार खालच्या स्लॅबच्या मध्यावर येतो. मग संरचना अभियंता बोलवा. तो बहुधा हा स्लॅब उतरवायलाच सांगेल. घरचे ‘पण गळत तर नाही’ म्हणतील, तेव्हा पडलेला तुकडा आणि त्याला चिकटलेला गंजाचा पापुद्रा त्यांच्या हातात द्या. तो फेकला असेल तर तोडताना निघेलच.